पहिलं गिऱ्हाईक कॅमेरा

परवा सकाळी पावणेआठला एका मिसळवाल्या काकांचा फोन आला आणि हॅलो म्हणायच्या आधीच सुरू झाले. "आरं कोण हाय रं ते पुण्याचं पोरगं? तर्री तर्री करत सुटलंय सगळीकडं. कट म्हणायचं माहीत न्हाई व्हय त्याला?" मी अजून अंथरुणात होतो, डोळे चोळत रील उघडलं तर खरंच, एक गॉगलवालं पोरगं काकांच्या दुकानात बसून पळीनं लालभडक कट वरून ओततंय, स्लो मोशनमध्ये, आणि तोंडानं "झणझणीत तर्री" चाललंय. व्ह्यूज मरणाचे. मी म्हटलं काका, वाईट काय झालं त्यात, फुकटची जाहिरात झाली की. तर म्हणाले, "काल पंधरा जण आली, समद्यांनी तर्री मागितली आन् पाव मागितला. पाव! मी काय मुंबईत दुकान टाकलंय?" (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडं कोल्हापुरात मिसळीच्या लाल रश्श्याला कट म्हणतात आणि मिसळीबरोबर ब्रेड असतो, स्लाईस. ह्यावर वाद घालायला कमेंटमध्ये येऊ नका, वेळ नाही मला.)

तर मी कोण, आणि मिसळवाले काका सकाळी सकाळी माझ्यावर का ओरडतात, ते सांगतो. मी दुकानांची सोशल मीडियावरची पेजं सांभाळतो. आईला अजून नीट कळलेलं नाही मी काय करतो, ती शेजारी सांगते "मोबाईलवर असतो दिवसभर, पण पैसे मिळतात म्हणं". एक चपलांचं दुकान, एक गुऱ्हाळ, दोन हॉटेलं, एक चटणीवाल्या मावशी, आणि मधेमधे जे येईल ते. त्याआधी आठ वर्षं मी लक्ष्मीपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात डीटीपी करत होतो. कोरल ड्रॉ, श्रीलिपी, आणि दिवसाला कमीत कमी दहा वाढदिवस. वर दादांचा मोठा फोटो, खाली पन्नास कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साईज, आणि एखाद्याचा फोटो चुकून राहिला की संध्याकाळी तो स्वतः दुकानात हजर, "माझं तोंड का कापलंस" म्हणून. माझं प्रामाणिक मत आहे की सोशल मीडिया कोल्हापूरला नवीन नव्हताच, आमच्या चौकाचौकात तो लटकत होता, फक्त स्क्वेअर फुटाच्या भावानं मिळायचा आणि लाईक मोजता यायचे नाहीत.

मग फ्लेक्स कमी व्हायला लागले. एकदम नाही. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि तालमीत बसणाऱ्या पोरांच्या हातात एकाएकी फुकटचा नेट आला, त्यानंतर पहिल्यांदा एक गिऱ्हाईक म्हणालं की फ्लेक्स नको, फक्त डिझाईन दे, स्टेटसला टाकतो. मालकानं विचारलं, त्याचे पैसे किती घ्यायचे? कारण स्टेटस किती बाय किती हेच त्याला माहीत नव्हतं. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेसवालं ॲप आलं, तेही आमच्या बाजारात सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. माझ्या बघण्यात म्हाताऱ्या दुकानदारांना खरं वळण लागलं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, शहर तुटलेलं, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि जो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ग्रुपवर बघत बसलेला. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. त्या दिवसांत कुठला किराणावाला उघडा आहे, कुणाकडं मेणबत्त्या आल्यात, सगळं स्टेटसवर आणि ग्रुपवर. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या आण्णांनी आयुष्यातलं पहिलं स्टेटस तेव्हा टाकलं, "दुद आले आहे", द वर ऱ्हस्व उकार, आणि वीस मिनिटात दूध संपलं. पाणी ओसरलं पण आण्णांचं स्टेटस काही थांबलं नाही, आता रोज सकाळी आधी गणपती, मग सुविचार, मग तूरडाळीचा भाव.

पुढं लॉकडाऊन, जून २०२० च्या शेवटी टिकटॉक बंद, जुलैत लगेच इन्स्टाचे रील्स, आणि मी फ्लेक्सच्या दुकानातून बाहेर. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. सगळे लिहितात की सोशल मीडियामुळं विक्री वाढली, गिऱ्हाईक थेट आलं, मधला दलाल गेला वगैरे. खरं आहे, नाही असं नाही. पण एवढी वर्षं आत बसून मला जे दिसलंय ते वेगळंच आहे, विकायची पद्धत बदलली हे ठीक आहे, पण माल पण बदललाय राव. बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर आता पहिलं गिऱ्हाईक कॅमेरा असतो. माणूस नंतर.

गुळाचंच बघा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार इथं उभा राहिला, तेव्हापासून मार्केटात गुळाची परीक्षा डोळ्यानं. रवा (गुळाची ढेप) फोडला, रंग बघितला, बोटानं चेपला, चव घेतली, सौदा झाला. पिवळाधमक गूळ म्हणजे भाव. आता उसाच्या रसात भेंडीचं पाणी घालून मळी काढली आणि गुळव्या (गूळ शिजवणारा) जाणकार असला तर गूळ चांगला उतरतोच, पण एवढा सोन्यासारखा पिवळा व्हायला बरेच जण काहिलीत हायड्रोस (रंग उजळणारं केमिकल) टाकायचे, का तर बाजाराला पिवळा पाहिजे. ह्यावर गुऱ्हाळवाल्याला किती प्रवचनं दिली तरी उपयोग शून्य, कारण पैसे पिवळ्याला. मग इन्स्टा आलं आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी उलटं सुरू केलं, केमिकल फ्री पाहिजे, म्हणजे काळा पाहिजे. मी ज्यांचं पेज सांभाळतो ते दादा कागलकडं गुऱ्हाळ चालवतात. पहिल्या वर्षी तपकिरी गुळाच्या एक किलोच्या ढेपा खोक्यात घालून फोटो टाकले तर मार्केटच्या भावाच्या दुपटीनं गेल्या. दादा हसत होते, म्हणाले, "माझ्या बापाला ह्या रंगाचा गूळ मार्केटात नेला म्हणून लोक हसायचे."

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता पुढचं ऐका. काळा गूळ खपतो म्हटल्यावर काळा गूळ सगळीकडून यायला लागला. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ मुळातच काळपट आणि जरा खारट उतरतो, जास्त आटला तरी काळा होतो, हा गूळ आधी मार्केटात कुणी विचारत नव्हतं. आता त्याच गुळाला मातीच्या वाडग्यात ठेवून शेजारी तुळशीचं पान लावलं की झाला तो सेंद्रिय. फोनच्या स्क्रीनवर चव येत नाही, वास येत नाही, बोटानं चेपता येत नाही. आधी पिवळ्याला भुलत होते, आता काळ्याला. दादा वैतागून म्हणतात, निदान मार्केटातला व्यापारी खाऊन तरी बघायचा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण डीएममध्ये आजपर्यंत एकानं पण त्याबद्दल विचारलेलं नाही, विचारतात ते "भैया ब्लॅकवाला है क्या".

चपलांचं मात्र मी सावकाश सांगणार, कारण सगळ्यात जास्त वेळ माझा तिथं जातो आणि सगळ्यात जास्त जीव पण.

अंबाबाईच्या देवळापासून जवळच्या चप्पल लाईनला ज्यांचं दुकान आहे ते दादा आणि वहिनी, दोघं मिळून चालवतात. माल सुभाषनगरातल्या दोन घरांतून येतो, पिढ्यान् पिढ्या करणारे कारागीर. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, वेणीला शेळीचं मऊ कातडं, शिवायला चामड्याचीच वादी, खिळा एक नाही. हे सगळं मला आठ वर्षं फ्लेक्स छापताना माहीत नव्हतं बरं का, मंगळवार पेठेत जन्मलो आणि वाढलो तरी. म्हणजे सोशल मीडियानं दुसऱ्या कुणाला काय शिकवलं ते जाऊ दे, मला कंटेंट पाहिजे होता म्हणून मी पहिल्यांदा सुभाषनगरात जाऊन दिवसभर बसलो.

आधी गिऱ्हाईक दुकानात यायचं, बाकड्यावर बसायचं, दादा पाय हातात घेऊन बघायचे. पाय रुंद आहे का, अंगठा किती सुटलाय, चवडा कसा आहे. मग एक जोड काढायचे आणि तो बसायचाच. आता ऑर्डर येते बडोद्यावरून, "साईज एट". आठ नंबरचं काय करायचं? कोल्हापुरीला नुसता नंबर चालत नाही, लांबी बसली तर अंगठा बसत नाही, अंगठा बसला तर कान (बाजूच्या पट्ट्या) पायाला घासतात. पहिल्या दिवाळीत दहातले चार जोड परत आले. मग वहिनींनी शक्कल काढली, गिऱ्हाईकाला सांगायचं की कोऱ्या कागदावर पाय ठेवा, पेन उभा धरून भोवतीनं रेघ मारा, शेजारी शाळेतली पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. आता वहिनींच्या फोनमध्ये अख्ख्या भारताचे पाय आहेत. एकानं मोजे घालून रेघ मारली. एकानं नुसताच पायाचा फोटो पाठवला, कागद नाही काही नाही, फरशीवर. एक दिल्लीच्या ताई होत्या, त्यांना वहिनींनी प्रेमानं इंग्रजीत लिहिलं, "चप्पल विल बाईट फॉर फोर डेज", तर त्या घाबरल्या, त्यांना वाटलं कातड्यात किडे आहेत. मी मधे पडून समजावलं की नवी चप्पल चावते म्हणजे काय ते. तेव्हापासून पार्सलमध्ये चिठ्ठी जाते, घट्ट वाटली तरी परत करू नका, थोडं खोबरेल लावा, घरात घाला, चार दिवसात पायाची होते.

आणि पावसाळा. जूनमध्ये मुंबईच्या लोकांना कोल्हापुरी आठवते, देव जाणे का. ओली करू नका म्हणून ढीगभर सांगायचं, तरी भर पावसात लोकलला लोंबकळत जाणार आणि मग फुगलेल्या चपलेचा फोटो टाकून एक स्टार. दुकानात असतं तर दादांनी सरळ सांगितलं असतं, "आत्ता नको घेऊ भावा, दसऱ्याला ये." गिऱ्हाईकाला परत पाठवणारा दुकानदार तुम्हाला ऑनलाईन कुठं भेटणार?

आता माल कसा बदलला ते. अस्सल कमावलेल्या कातड्याचा रंग फोटोत मेल्यासारखा दिसतो, खरंच सांगतो, मी किती लाईट लावून बघितले. तेल लागून, घामानं, वापरून वर्षभरात तो जो गडद होतो ना तो बघण्यासारखा, पण वर्षभर वापरलेली चप्पल कोण विकणार. उलट गुलाबी, सोनेरी, आरसेवाली, पातळ, ती फोटोत लगेच उठून दिसते. तर ऑर्डरी त्याच्या. सुभाषनगरातले आण्णा, वय सत्तरच्या पुढं, कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, ते आता आठवड्यातले चार दिवस गुलाबी पट्ट्या कापतात. मला एकदा म्हणाले, "रंग दिसतोय त्यात, हात कुठं दिसतोय?" मला ते लागलं, कारण त्या गुलाबी चपलेचं रील मीच बनवलं होतं.

पण एक गोष्ट उलटी पण झाली, ती पण सांगायला पाहिजे नाहीतर नुसतंच रडगाणं होईल. आवाज. कर्रकर्र वाजणारा जोड घालायचा शौक आमच्या आज्याच्या पिढीचा, मधल्या काळात तरण्या पोरांना तो गावठी वाटायचा. रील्सला आवाज असतो. मी एक दिवस काही न बोलता, गाणं बिणं न लावता, फक्त एक माणूस फरसबंदीवरून चालतोय आणि चप्पल वाजतेय एवढं पंधरा सेकंद टाकलं. ते चाललं. लग्नसराईत नवरदेव यायला लागले, "मोठा आवाज पाहिजे". आण्णांनी चार दिवस गुलाबी आणि दोन दिवस आवाजाचे अशी वाटणी केलीय, आणि त्या दोन दिवसांत त्यांच्या घरी गेलं की चहा मिळतो.

प्राडा ह्या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीचं प्रकरण तर तुम्हाला ठाऊकच असेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये पुरुष मॉडेलांच्या पायात अंगठ्याची चप्पल, आणि नाव काय तर नुसतं लेदर सँडल. कोल्हापूरचा कुठं उल्लेख नाही. माझ्या फोनवर त्या दिवशी एकच फोटो निदान चाळीस जणांनी पाठवला असेल, गवंड्यापासून वकिलापर्यंत. पुढं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, प्राडाच्या लोरेन्झो बर्टेली ह्यांनी उत्तर दिलं की हो, भारतातल्या हातानं बनवलेल्या पारंपरिक चपलांवरून प्रेरणा घेतलीय, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून पण गेली. गंमत बघा, जीआय २०१९ पासून आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, तरी हायकोर्टात जी जनहित याचिका झाली ती टिकली नाही, कारण ज्यांच्या नावावर जीआय आहे त्यांनी ती केलेली नव्हती. म्हणजे कायद्याच्या कागदानं जे झालं नाही ते लोकांच्या बोंबलण्यानं झालं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ ह्यांच्याबरोबर प्राडाचा करार झाला, २,००० जोड, एकेकाची किंमत ८०० युरोच्या आसपास. कर्नाटकातले अथणीवाले पण ह्यात हक्काचे आहेत, आपले लोक हे सोयीनं विसरतात, असो.

त्या आठवड्यात आमच्या पेजवर मेसेज धो धो. निम्मे जण "प्राडावाली है क्या" विचारणारे. दादा म्हणाले, सांग की त्यांच्याकडं आमची हाय. चांगला डायलॉग होता, मी लगेच पोस्ट केला, आणि धंदा खरंच झाला, पण दीड महिन्यानं सगळं परत निवांत. लाट आली, गेली. आण्णांना मी विचारलं कसं वाटलं, तर म्हणाले, "कातडं महाग झालंय, त्याचं काय ते टाक फेसबुकवर." टाकलं. अकरा लाईक.

खोट्या पेजांचं दुखणं वेगळंच. आमचे फोटो उचलून, आमच्याच दुकानाच्या नावात एक अक्षर बदलून कुणीतरी पेज काढलं आणि ॲडव्हान्स घेऊन रेक्झिनच्या चपला पाठवल्या. साताऱ्याचे एक गृहस्थ स्क्रीनशॉट घेऊन थेट दुकानात, आणि दादांच्या अंगावर. दादांनी एक शब्द न बोलता त्यांचा पाय बघितला, निम्म्या किमतीत एक जोड दिला. मी म्हटलं का दिला, आपला काय संबंध, तर म्हणाले आता तो गावात जाऊन काय सांगंल ते बघ. आणि खरंच त्यांनी पुढं तीन गिऱ्हाईकं पाठवली. असल्या गोष्टीचा रीच कुठल्या ॲपमध्ये दिसत नाही.

हॉटेलांचं थोडक्यात. तांबडा-पांढरा रस्सा कॅमेऱ्यात जन्मतःच सुंदर आहे, दोन वाट्या शेजारी ठेवल्या की काम झालं, माझी गरजच नाही. पण रीलमुळं शनिवार-रविवार गावाबाहेरचं गिऱ्हाईक एवढं येतं की गावातल्या माणसानं आपला वार मंगळवार करून घेतलाय. (आमच्या घरी मंगळवारी खात नाहीत, म्हणजे आमची अडचण बघा.) थाळ्या फुगल्या, ताटं परातीएवढी झाली, नावं पैलवानांची. मटणाचे तुकडे तेवढेच.

आणि ते फुकट जेवणारे! मेसेज येतो "कोलॅब करूया का", म्हणजे सहा जण येणार, जेवणार, आणि वर पार्सल. जानेवारी २०२३ पासून सरकारचा नियम आहे की पैसे किंवा फुकट वस्तू घेतली तर व्हिडिओत स्पष्ट सांगायचं, जाहिरात आहे म्हणून. माझ्यासमोर जेवून गेलेल्यांपैकी किती जणांनी सांगितलं ते मी बोटांवर मोजू शकतो आणि बोटं उरतात. एका हॉटेलमालकानं नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी चार एक-स्टारवाले रिव्ह्यू, चौघांची भाषा एकच. मालकांनी त्या चौघांना खाली उत्तर लिहिलं, "आपण कोणत्या टेबलावर बसला होता?" एवढंच. मला आजवरच्या सगळ्या कॉपीरायटिंगमध्ये ते वाक्य सगळ्यात जास्त आवडतं.

उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखानेवाल्यांना ह्यातलं फारसं काही लागत नाही. फौंड्रीवाला रील काढून काय करणार. पण त्यांचं पण बदललंय, कास्टिंगला ब्लोहोल (ओतीव भागाला हवेचं भोक) आलं की आधी पार्टीचा माणूस गाडी काढून यायचा, आता फोटो येतो आणि भांडण तिथंच उरकतं.

चटणीवाल्या मावशींचं सांगायचं राहिलंच. आधी त्या एका दुकानाला कांदा-लसूण चटणी करून द्यायच्या, किलोवर मजुरी, पाकिटावर नाव दुकानाचं. आता मार्च ते मे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी, पाकिटावर त्यांचं स्वतःचं नाव, ते लेबल मी फुकट करून दिलं आणि त्याबद्दल मला वर्षभराची चटणी फुकट आहे, सांगून टाकलं, २०२३ चा नियम. डंकावर कुटतात. मी एकदा म्हटलं मावशी, व्हिडिओत जरा फिकी दिसतेय, तर त्यांनी ओळखलं मला काय म्हणायचंय ते. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. ब्याडगी वाढवली की लालजर्द दिसते पण झणका जातो. बाजारात किती जणांनी वाढवलीय ते त्यांना ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "बघणाऱ्याला लाल कर, खाणाऱ्याला आहे तशी ऱ्हाऊ दे," म्हणजे फोनमध्ये काय रंगवायचंय ते तू रंगव. मी फिल्टर लावला. आता हे बरोबर केलं का चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ह्या सगळ्यात वेळ कुणाचा जातो हे कुणी विचारत नाही. चप्पल लाईनची दुकानं रात्री बंद होतात, शटर पडतं, पण वहिनींचं दुकान साडेअकराला सुरू होतं. "प्राईस प्लीज", "लास्ट प्राईस", "सीओडी आहे का", आणि सगळ्यात वाईट नुसतं "हाय". पोरांचा अभ्यास, सकाळचा डबा, आणि मधे त्या "हाय"ला उत्तर. उशीर झाला की गिऱ्हाईक दुसऱ्या पेजवर. किंमत पोस्टमध्येच लिहा असं मीच आधी सांगितलं होतं, तर बाजूच्या दुकानदारानं दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये कमी करून टाकली, मग परत "डीएम करा". ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच सहा-एक तास बंद पडलं होतं आठवतंय का? वहिनी सांगतात, त्या रात्री त्या दहाला झोपल्या.

आणि एवढं करून जागा कुणाची? एका मटणाच्या हॉटेलचं पेज एका ॲपनं रातोरात बंद केलं, कारण "नियमभंग", कुठला नियम ते नाही सांगितलं. साडेतीन वर्षांचे फोटो, अडीचेक हजार लोकांचे मेसेज, सगळं गेलं. फॉर्म भरा म्हणे, भरला, परत भरला. मालक मला विचारतात, ऑफिस कुठं आहे त्यांचं, आपण जाऊन बसूया. काय सांगणार? महाद्वार रोडला पागडीचं दुकान असलं तरी मालकाला कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात भाडेकरूला हलवायला. इथं एक बटण. तेव्हापासून मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना वही घालायला लावलीय, साधी, कागदाची. नाव, नंबर, गाव, आणि चपलेवाल्यांना पायाची रेघ चिकटवायला एक जास्तीचं पान.

तर परत मिसळवाले काका. मी त्यांना म्हटलं त्या पोराला मेसेज करतो, कॅप्शन बदलून घेतो. ते म्हणाले नको, ऱ्हाऊ दे, तू मला एक बोर्ड करून दे. मोठ्या अक्षरात, "येथे कट मिळतो. तर्री मिळत नाही. पाव मागू नये." म्हटलं काका, पोस्ट बनवतो की मस्त. "पोस्ट कोण वाचतंय दारात उभं ऱ्हाऊन? बोर्ड."

मग काय, जुन्या मालकाला फोन लावला, चार वर्षांनी. त्यानं आवाज ओळखला, कसा आहेस वगैरे काही नाही, पहिला प्रश्न,

"किती बाय किती?"